कर्नलमधले सिक्युरिटी बग स्टॅटिक अ‍ॅनालिसिसने शोधणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सी बऱ्यापैकी येतं, लिनक्स कर्नल एकदा तरी स्वतः बिल्ड केलाय, आणि आता त्यात बग शोधायची खाज आलीय, अशा लोकांना जे प्रश्न पडतात ते इथे घेतलेत. उदाहरणं बहुतेक लिनक्सची आहेत कारण सोर्स कुणालाही उघडून बघता येतो. विंडोज आणि मॅकचं खाली थोडं आहे.

कोड चालवायचाच नाही आणि बग शोधायचा, हे नेमकं होतं कसं?

टूल सोर्स वाचतं, त्याचा ट्री बनवतं, मग प्रत्येक इफ, लूप, गोटू यांच्या वाटेने पुढे जात "इथे या व्हेरिएबलमध्ये काय काय असू शकतं" याचा हिशोब ठेवतं. साधी टूल्स एका फंक्शनच्या बाहेर बघत नाहीत, जरा तगडी टूल्स कोण कुणाला बोलावतं ते धरून फंक्शन ओलांडून जातात. बाकी सगळं तपशील झाला. कर्नलच्या सिक्युरिटीत मुख्य प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, की ही व्हॅल्यू बाहेरून आली का, आणि आली असेल तर वापरायच्या आधी कुणी तपासली का. बाहेरून म्हणजे फक्त सिस्टम कॉल आणि आयऑक्टल (ड्रायव्हरला खास हुकूम द्यायचा सिस्टम कॉल) नाही, नेटवर्क पॅकेट, यूएसबी डिव्हाइसने पाठवलेला डिस्क्रिप्टर, माउंट केलेली फाइलसिस्टम इमेज हे पण बाहेरूनच येतं, आणि यातले शेवटचे दोन प्रकार लोक हमखास विसरतात.

आणि कर्नलचं वेगळेपण असं की तिथे सगळे एकाच मेमरीत राहतात. कुठल्यातरी कोपऱ्यातल्या ड्रायव्हरने बफरच्या बाहेर चार बाइट लिहिले तरी ते कुणाच्यातरी प्रोसेसच्या क्रेडेन्शियलवर (तिला काय अधिकार आहेत याची नोंद) पडू शकतात, आणि मग साधा यूझर रूट होतो.

सिझकॉलर आहे ना, मग हे कशाला?

सिझकॉलर हा कर्नलचा फझर, म्हणजे वेडेवाकडे सिस्टम कॉल मारून कर्नल पडतो का बघणारं टूल. जबरदस्त आहे, त्यात वादच नाही. सोबत केएसॅन (KASAN) हा चालताना मेमरीवर पहारा ठेवणारा भाग लावला (हा लिनक्स ४.० मध्ये, २०१५ साली आला) की मेमरीचे बग रंगेहाथ पकडले जातात आणि वर रिप्रोड्यूसर, म्हणजे तोच बग पुन्हा घडवणारा छोटा प्रोग्रॅम, पण मिळतो. पण फझर फक्त तोच कोड बघतो जो त्याच्याकडून चालला. ज्या ड्रायव्हरचं हार्डवेअर तुमच्याकडे नाही, एम्युलेटरमध्ये पण नाही, त्याचा प्रोबसुद्धा (हार्डवेअर ओळखून सुरू करायची पहिली पायरी) पूर्ण होत नाही, मग पुढचं काय तपासणार. एरर पाथचं पण तसंच, मेमरी अ‍ॅलोकेशन तिसऱ्यांदा फेल झालं तर काय होतं हा कोड वर्षानुवर्षं कुणी चालवलेलाच नसतो. फॉल्ट इंजेक्शनने, म्हणजे मुद्दाम एरर घडवून, थोडं जमतं, पण प्रत्येक ठिकाणी पोचता येत नाही. स्टॅटिक टूलला मात्र तो कोड आणि रोज चालणारा कोड दोन्ही सारखेच.

ड्रायव्हर का महत्त्वाचे, तर स्टॅनफर्डच्या लोकांनी २००१ मध्येच लिनक्सवर अभ्यास करून दाखवलं होतं की काही प्रकारच्या चुका ड्रायव्हरमध्ये बाकी कर्नलपेक्षा ३ ते ७ पट जास्त आढळतात. त्याच गटातून पुढे कव्हरिटी ही स्टॅटिक अ‍ॅनालिसिसची कंपनी निघाली. दोन्ही वापरा, भांडण लावू नका.

कुठल्या प्रकारचे बग यात खरंच सापडतात?

सगळ्यात कमावून देणारा प्रकार म्हणजे गुणाकार. यूझरकडून स्ट्रक्ट आला, त्यात काउंट आहे, ड्रायव्हर काउंट गुणिले १६ बाइट एवढी मेमरी मागतो आणि मग काउंट इतक्या वेळा लूप फिरवून ती भरतो. आता यूझरने काउंट २६,८४,३५,४५७ दिला. गुणिले १६ म्हणजे ४,२९,४९,६७,३१२, जे ३२ बिटमध्ये मावत नाही, वरचा बिट गळून पडतो आणि उरतात फक्त १६. म्हणजे अ‍ॅलोकेशन १६ बाइटचं आणि लूप सव्वीस कोटींच्या वर. ६४ बिट कर्नलवर साइझऑफ ६४ बिटचा असल्यामुळे बऱ्याचदा निभावतं, पण कुणीतरी गुणाकाराचं उत्तर यू-३२ व्हेरिएबलमध्ये साठवलं की पुन्हा तेच रामायण. म्हणून तर गुणाकार तपासून करणारे के-मॅलॉक-अ‍ॅरे, स्ट्रक्ट-साइझ वगैरे हेल्पर आले, आणि म्हणूनच जिथे ते वापरलेले नाहीत आणि गुणाकार हाताने केलाय त्या जागा शोधणं ही चांगली सुरुवात आहे.

दुसरा प्रकार डबल फेच. ड्रायव्हर यूझरच्या मेमरीतून आधी फक्त साइझ वाचतो, तपासतो, तेवढी मेमरी घेतो, आणि मग पूर्ण स्ट्रक्ट परत यूझरकडूनच कॉपी करतो ज्यात साइझ पुन्हा एकदा येते. या दोन वाचनांच्या मध्ये यूझरचा दुसरा थ्रेड ती साइझ बदलू शकतो. पुढचा कोड नवीन, न तपासलेल्या साइझवर चालतो. हे काल्पनिक नाही, फाइल डीडुपच्या (सारखा डेटा एकदाच साठवायच्या) आयऑक्टलमध्ये नेमकं हेच होतं, सीव्हीई-२०१६-६५१६ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सिक्युरिटी बगला मिळणारा नंबर). गंमत म्हणजे हा पॅटर्न कोडमध्ये दिसायला इतका ठरलेला आहे की टेक्स्टसारखा शोधला तरी बरेचसे उमेदवार मिळतात.

तिसरा, माहिती गळणं. स्ट्रक्टमध्ये आधी एक बाइटचं फील्ड, मग चार बाइटचं. मध्ये कंपायलर ३ बाइटची भर टाकतो. सगळी फील्ड नीट भरली आणि स्ट्रक्ट यूझरला कॉपी केला तर त्या ३ बाइटमध्ये कर्नल स्टॅकवर आधी जे काही पडलं होतं ते पण जातं. ते कधी नुसता कचरा असतं आणि कधी कर्नलचा अ‍ॅड्रेस. घोषणेतच शून्य लिहून इनिशियलाइझ केलं तरी ही भर शून्य होईलच याची खात्री नाही, मेमसेट लागतो. स्मॅच या टूलमध्ये (पुढे येतंच) यासाठी खास चेक आहे.

बाकीचे पटकन: एरर पाथवर लॉक सोडायला विसरणं, रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट किती जण वापरताहेत तो आकडा) वाढवून कमी न करणं, के-फ्रीने मेमरी सोडल्यावर पुन्हा वापर, फंक्शन एरर पॉइंटर (नलऐवजी एररचा नंबर पॉइंटरमध्ये घालून) देतं आणि कॉलर नल तपासत बसलाय. हे शेवटचं अजूनही नियमित सापडतं. आणि जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर (प्रोसेसर अंदाजाने पुढचा कोड आधीच चालवतो त्याचा गैरफायदा घेणारा हल्ला) आल्यावर "यूझरने दिलेला इंडेक्स, बाउंड चेक आहे, पण अ‍ॅरे-इंडेक्स-नोस्पेक हा त्यावरचा बचाव नाही" अशा जागा शोधायला पण स्मॅचच कामाला आला, कारण अशी जागा चालवून बघितली तर सगळं बरोबरच दिसतं.

कंपायलरच्या वॉर्निंग पुरत नाहीत का?

काही अंशी पुरतात, आणि कर्नलवाल्यांनी त्या हळूहळू कडक केल्यात. व्हेरिएबल लांबीचे अ‍ॅरे २०१८ मध्ये ४.२० पर्यंत सगळे काढून टाकले, स्विचमधला चुकून होणारा फॉलथ्रू पकडणारी वॉर्निंग ५.३ पासून सगळीकडे चालू आहे. पण कंपायलरचं मूळ काम वेगळं आहे आणि कधीकधी तोच घोळ घालतो. टन (आभासी नेटवर्क कार्डाचा) ड्रायव्हरचा २००९ चा किस्सा (सीव्हीई-२००९-१८९७) प्रत्येकाने एकदा वाचावा. पोल फंक्शनच्या वरच्या भागात टन या पॉइंटरमधून सॉकेट काढून घेतला होता, आणि त्यानंतर खाली तपासणी होती की टन नल असेल तर एरर देऊन परत जा. जीसीसी या कंपायलरने विचार केला की वर पॉइंटर वापरून झालाय, म्हणजे तो नल असूच शकत नाही, मग ही तपासणी फालतू आहे, आणि ती उडवून टाकली. सोर्समध्ये चेक दिसतोय, बायनरीत नाहीच! त्या काळात शून्य अ‍ॅड्रेसवर पेज मॅप करायची पळवाट सापडल्यावर याच्यावर चालणारा एक्स्प्लॉइट आला. त्यानंतर कर्नल असे नल चेक काढू नको असं सांगणारा फ्लॅग देऊन बिल्ड व्हायला लागला. "आधी वापर, मग तपास" हा क्रम पकडणं स्टॅटिक टूलला अगदी सोपं आहे, त्यामुळे असली वॉर्निंग दिसली की "बाकी चालतंय ना" म्हणून सोडू नका.

टूल कुठलं घेऊ?

स्पार्सपासून सुरू करा. लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये लिहिलेलं, छोटं, वेगवान. कर्नलच्या सोर्समध्ये यूझर पॉइंटरवर जी खूण लावलेली असते ती हे वाचतं आणि कुणी तो पॉइंटर थेट वापरला तर ओरडतं. बाइट ऑर्डरच्या चुका पण पकडतं. मेकला सी=१ दिलं तर जेवढं नव्याने कंपाइल होतंय तेवढंच तपासतं, सी=२ दिलं तर सगळं. पहिल्यांदा "काहीच आलं नाही" म्हणणारे बहुतेक जण आधीच बिल्ड झालेल्या ट्रीवर सी=१ चालवून बसलेले असतात.

त्यानंतर स्मॅच, डॅन कारपेंटर यांचं, स्पार्सच्याच पायावर उभं. माझ्या मते सिक्युरिटीसाठी फुकटातलं सगळ्यात उपयोगी हेच. व्हॅल्यूची रेंज धरतं, कुठली व्हॅल्यू यूझरकडून आली हे लक्षात ठेवतं, आणि फंक्शन ओलांडायला एक डेटाबेस बनवतं. त्या डेटाबेसची गंमत लोकांना कळत नाही: एकदा बनवला की माहिती कॉलच्या साखळीत एकच पायरी पुढे सरकते, म्हणून तो परत परत बनवावा लागतो तेव्हा कुठे खोलवरचे बग दिसायला लागतात. पूर्ण कर्नलला वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

कॉक्सिनेल (फ्रान्समधून आलंय, ज्युलिया लॉल यांचा गट) पॅटर्न शोधायला. त्याचं पुढे येतंच. जीसीसीचा स्वतःचा अ‍ॅनालायझर (फॅनालायझर हा फ्लॅग) १० व्या आवृत्तीपासून आहे आणि क्लँगचा अ‍ॅनालायझर कर्नलच्या मेकफाइलमधूनच चालवता येतो, दोन्ही ठीकठाक. कोडक्यूएलमध्ये कोडवर क्वेरी लिहिता येते, शिकायला वेळ लागतो पण डेटा फ्लो (व्हॅल्यू कुठून कुठे जाते) साठी ताकद भरपूर. कव्हरिटी कमर्शियल आहे, पण ओपन सोर्स प्रोजेक्टना त्यांचं स्कॅन मोफत मिळतं आणि लिनक्स त्यात बऱ्याच वर्षांपासून आहे.

सगळा कर्नल एकदम स्कॅन करू का?

करू नका. म्हणजे करून बघा एकदा, हौस म्हणून, आणि मग आलेली फाइल बंद करून टाका. तीन कोटींहून जास्त ओळींच्या कोडवर सगळे चेक लावले की हजारो वॉर्निंग येतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मेंटेनरांनी (कर्नलचा तो तो भाग सांभाळणाऱ्यांनी) आधीच बघून सोडून दिलेल्या असतात, शिवाय इंटेलचा बॉट रोज नव्या पॅचवर स्पार्स, स्मॅच, कॉक्सिनेल चालवतच असतो. तयार चेक तसेच्या तसे चालवून तुम्हाला पहिल्या दिवशी खजिना मिळेल ही आशा सोडा. त्याऐवजी एक बगचा प्रकार आणि एक सबसिस्टम घ्या. "या फोल्डरमधल्या सगळ्या आयऑक्टलमध्ये यूझरचा काउंट तपासल्याशिवाय गुणाकारात जातोय का" असा प्रश्न टूलला विचारला तर वीस-तीस उत्तरं येतात, आणि तेवढी माणसाला वाचता येतात.

कॉन्फिगचं पण बघा. बहुतेक टूल्स प्रीप्रोसेसरनंतरचा कोड बघतात, म्हणजे जो पर्याय बंद आहे तो कोड त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही. ऑल-मॉड-कॉन्फिग (जमेल तेवढं सगळं मॉड्यूल म्हणून चालू) घेतलं तर बरंच येतं, तरी दुसऱ्या आर्किटेक्चरचा कोड राहतोच.

वॉर्निंग आली, खरी की खोटी कसं ओळखू?

उलटं वाचत जा. ज्या ओळीवर धोका दाखवलाय तिथून व्हॅल्यू मागे मागे कुठून आली ते बघा, टूलच्या म्हणण्यावर जाऊ नका. तीन गोष्टी तपासायच्या. व्हॅल्यू खरंच बाहेरच्याच्या हातात आहे का, की आधीच्या कुठल्यातरी फंक्शनने ती बांधून ठेवलीय (कोअरमध्येच तपासणी असते आणि ड्रायव्हरला ती परत करावी लागत नाही, हे फार वेळा होतं)? त्या कोडपर्यंत साधा यूझर पोचतो का, की आधीच सिस्टम अ‍ॅडमिनची कॅपेबिलिटी (रूटच्या अधिकाराचा एक तुकडा) मागितलीय? आणि मागितली असेल तर ती यूझर नेमस्पेसमध्ये, म्हणजे साधा यूझर जिथे स्वतःपुरता रूट बनू शकतो अशा कप्प्यात, मिळणारी आहे का? हा शेवटचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, आणि नेटवर्किंगमधले कितीतरी "फक्त रूटला जमेल" वाले बग याच वाटेने साध्या यूझरच्या हातात आलेत.

खोट्याचं प्रमाण किती असतं हे चेकवर अवलंबून. २०१७ मध्ये डॉक्टर चेकर नावाचं संशोधन आलं, फक्त ड्रायव्हरवर लक्ष, नऊ मोबाइल कर्नल, त्यात १५८ नवे गंभीर बग आणि ७८ टक्के अचूकता. कर्नलसाठी हे फार चांगलं म्हणायचं, आणि ते जमलं कारण त्यांनी कोअर कर्नल बरोबर आहे असं धरून सोडूनच दिला.

टूलला सगळंच का कळत नाही? इतकी वर्षं झाली की.

गणितच आड येतं. प्रोग्रॅम चालताना कसा वागेल याबद्दलचा कुठलाही बिनमहत्त्वाचा नसलेला प्रश्न सगळ्या प्रोग्रॅमसाठी अचूक सोडवणारा प्रोग्रॅम असू शकत नाही, हे राइस या गणितज्ञाने १९५३ मध्येच सिद्ध केलंय. म्हणून प्रत्येक टूल कुठेतरी अंदाज करतं, एकतर खोट्या वॉर्निंग देतं नाहीतर खऱ्या सोडतं, बहुतेक दोन्ही.

कर्नलमध्ये त्यावर कडी म्हणजे फंक्शन पॉइंटर. रीड सिस्टम कॉल शेवटी फाइल ऑपरेशन्सच्या स्ट्रक्टमधल्या पॉइंटरवरून कुठल्या ड्रायव्हरमध्ये उतरणार हे चालतानाच ठरतं. टूल म्हणतं, प्रकार जुळणारी शेकडो फंक्शन्स आहेत, सगळी धरतो. मग एका फाइलसिस्टमचा डेटा भलत्याच ड्रायव्हरमध्ये गेल्यासारखं दिसतं. कुठल्या स्ट्रक्टच्या कुठल्या फील्डमध्ये ते फंक्शन ठेवलं होतं हे धरलं की यादी बरीच लहान होते.

यातून कुठले बग सुटतातच?

ज्यांचं मूळ दोन लांबच्या गोष्टींच्या वेळेत आहे ते. डर्टी काऊ (सीव्हीई-२०१६-५१९५) ही मेमरी मॅनेजमेंटमधली रेस (दोन थ्रेडच्या वेळेच्या चढाओढीतला बग) २००७ पासून कर्नलमध्ये होती, नऊ वर्षं, आणि त्या काळात तो कोड कितीतरी टूलखालून गेला असेल. लॉजिकच्या चुका पण, म्हणजे परवानगीची तपासणी आहे पण चुकीच्या माणसाची. टूलला हेतू माहीत नसतो.

डर्टी पाइप (सीव्हीई-२०२२-०८४७) मधल्या-मधला आहे. पाइपच्या बफरमधलं फ्लॅग्स हे फील्ड इनिशियलाइझच केलं नव्हतं, आता वाचून वाटतं की हे तर टूलने सहज पकडायला हवं. पण ते फील्ड तसंच राहणं ५.८ पर्यंत निरुपद्रवी होतं, त्या आवृत्तीत नवीन फ्लॅग आला आणि जुनी ढिलाई एकदम भोक झाली. सापडलं कसं, तर सर्व्हरवरच्या लॉग फाइल्स अधूनमधून खराब होत होत्या आणि एक माणूस चिकाटीने मागे लागला म्हणून.

स्वतःचा चेक लिहायला किती कठीण?

कॉक्सिनेलमध्ये वाटतं त्यापेक्षा खूपच सोपा. नियम पॅचसारखाच दिसतो, सी कोड लिहायचा, ज्या जागी काहीही चालेल तिथे नाव ठेवायचं, आणि मध्ये तीन टिंबं टाकली की "यामध्ये कुठलाही कोड असू दे". डबल फेचचा नियम तोंडी सांगायचा तर: यूझरकडून कॉपी, सोर्स पॉइंटर एस, मग तीन टिंबं, मग पुन्हा यूझरकडून कॉपी आणि सोर्स तोच एस. चार-पाच ओळी झाल्या. चालवल्यावर खोटे येतील, उदाहरणार्थ मध्ये एस पुढे सरकवलेला असतो, मग "मध्ये एसमध्ये काही असाइन होता कामा नये" एवढी अट वाढवायची. असं तीन-चार वेळा घासलं की यादी वाचण्याजोगी होते. कर्नलच्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये तयार नियम आहेत, फ्री केल्यावर वापर शोधणारा आधी वाचा.

नियमाला विषय कुठून आणायचा, तर जुन्या फिक्समधून. एखाद्या सीव्हीईचा पॅच उघडा, चूक काय होती ते एका वाक्यात लिहा, आणि तेच वाक्य बाकीच्या ड्रायव्हरमध्ये शोधा. ड्रायव्हर लिहिणारे एकमेकांकडून कॉपी करतात, बगसकट.

विंडोज आणि मॅकमध्ये हे चालतं का?

चालतं, आणि विंडोजमध्ये तर सक्तीने. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या स्लॅम प्रोजेक्टमधून स्टॅटिक ड्रायव्हर व्हेरिफायर निघाला, पॅरामीटरवर सॅल खुणा (पॅरामीटर कसा वापरायचा हे टूलला सांगणाऱ्या) लावायची पद्धत आहे, आणि आता ड्रायव्हर सर्टिफाय करायचा तर कोडक्यूएल चालवलेलं लागतं. अ‍ॅपलच्या एक्सएनयू कर्नलमधला आयसीएमपीचा (नेटवर्कचे एरर संदेश पाठवणारा प्रोटोकॉल) हीप ओव्हरफ्लो, सीव्हीई-२०१८-४४०७, कोडक्यूएलच्या आधीच्या रूपातल्या क्वेरीनेच सापडला होता. एकाच नेटवर्कवर बसून पॅकेट पाठवलं की समोरचा मॅक किंवा आयफोन पडायचा.

कर्नलच्या आतच एक स्टॅटिक अ‍ॅनालायझर आहे म्हणतात ते काय?

बीपीएफ व्हेरिफायर. बीपीएफ म्हणजे कर्नलच्या आत चालवता येणारे छोटे प्रोग्रॅम. यूझरने दिलेला बीपीएफ प्रोग्रॅम चालवण्याआधी कर्नल तो वाचतो, प्रत्येक रजिस्टरची कमीत कमी आणि जास्तीत जास्त व्हॅल्यू धरतो, आणि मेमरीबाहेर जाईल असं वाटलं तर नाकारतो. इथे अंदाज चुकला तर नुसती खोटी वॉर्निंग येत नाही. सीव्हीई-२०२०-८८३५ मध्ये ३२ बिट तुलनेनंतरच्या मर्यादांचा हिशोब चुकला होता, व्हेरिफायर म्हणे सुरक्षित, प्रत्यक्षात बाहेर वाचता-लिहिता येत होतं, थेट रूट.

रस्ट आलं की हे सगळं बाद होणार?

६.१ पासून (डिसेंबर २०२२) कर्नलमध्ये रस्टला, म्हणजे मेमरीच्या चुका कंपाइल होतानाच अडवणाऱ्या भाषेला, जागा आहे, आणि नवीन ड्रायव्हर त्यात झाले तर फ्री-नंतर-वापर सारखे प्रकार मूळ कोडमध्ये खूप कमी होतील. पण सी चा डोंगर जागेवरच आहे, आणि रस्टच्या अनसेफ भागाला (जिथे हे नियम सैल केलेले असतात) तपासणी लागतेच.

भाषेची मॉडेल्स वापरून बग शोधता येतात का?

येतात. के-एसएमबीडी (कर्नलमधला फाइल-शेअरिंग सर्व्हर) मधला लॉगऑफच्या वेळचा फ्री-नंतर-वापर (सीव्हीई-२०२५-३७८९९) मॉडेलला कोड वाचायला देऊनच सापडला. पण तेच मॉडेल परत परत चालवलं की दरवेळी वेगळं बोलतं आणि आत्मविश्वासाने खोटंही सांगतं, त्यामुळे वर लिहिलेलं उलटं वाचणं चुकत नाही. मला यातला जास्त फायदा वॉर्निंगची छाननी करताना दिसतो, स्मॅचने दिलेली यादी आणि भोवतीचा कोड दिला की उघड खोट्या लवकर बाजूला होतात.

बग खरा निघाला. आता कुणाला सांगू?

एक्स्प्लॉइट होण्यासारखा असेल तर सार्वजनिक कुठेही टाकायच्या आधी कर्नलच्या सिक्युरिटी टीमला आणि त्या भागाच्या मेंटेनरला, साध्या टेक्स्ट मेलने. पत्ता आणि नियम सोर्समधल्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहेत. फिक्स तयार झाल्यावर ते फार दिवस लपवून ठेवत नाहीत, साधारण ७ दिवस, अगदीच गरज असेल तर १४. सीव्हीई नंबर आधी मागत बसू नका, फेब्रुवारी २०२४ पासून कर्नल प्रोजेक्ट स्वतःच नंबर देतो आणि तो फिक्स आल्यानंतर मिळतो.

किरकोळ असेल तर सरळ पॅच पाठवा, आणि त्यात टूलचं नाव लिहा, कसं सापडलं ते लिहा, खऱ्या हार्डवेअरवर तपासलंय की फक्त कंपाइल केलंय ते पण लिहा. यात लाजण्यासारखं काही नाही. लपवलं की मात्र मेंटेनर भडकतात, आणि त्याला कारण आहे: २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम सदोष पॅच पाठवून प्रयोग केल्याचं प्रकरण पेटलं होतं, त्यानंतर २०२१ मध्ये तिथूनच आलेल्या, नव्या स्टॅटिक अ‍ॅनालायझरने सुचवलेल्या म्हणून सांगितलेल्या निरर्थक पॅचवरून पूर्ण विद्यापीठाचे पॅच घेणं बंद झालं. पुढे संशोधकांसाठी वेगळं मार्गदर्शक पानच डॉक्युमेंटेशनमध्ये घातलं गेलं. पहिला पॅच पाठवायच्या आधी ते वाचा, आणि एकदम चाळीस पाठवू नका. दोन पाठवा, उत्तर येऊ द्या, मग पुढचे.